बॅग भरणारीला कुणी सांगायचं?

आमच्याकडे बॅग घेऊन जाणारा एक असतो आणि बॅग भरणारी दुसरीच कुणी असते. मुलगा दुबईला, दोह्याला, कुवेतला निघालेला असतो. बॅग मात्र त्याची आई भरते, नाहीतर बायको, नाहीतर शेजारची काकी येऊन हात लावते. तिकीट मुलाच्या मोबाइलवर असतं. सामानाचे नियमही त्याच्याच मोबाइलवर, इंग्रजीत, तिकिटाच्या अगदी तळाशी. जिच्या हातून बॅग भरली जाणार, तिच्यापर्यंत ते पोचतच नाहीत. ती आपल्या अनुभवाने भरते, आणि तिचा अनुभव एस.टी.चा नि रेल्वेचा असतो. तिथे प्रश्न एकच: उचलवतंय ना?

मुंबई विमानतळावर चेक-इनच्या काउंटरवर माझी उमेदीची वर्षं गेली. आता मी कुडाळ तालुक्यात माझ्या गावी असते, आणि वाडीतलं कुणी परदेशी निघालं की बॅग दाखवायला माणसं घरी येतात. काउंटरची बाजू मी पाहिली आहे आणि आता माजघरातली बाजूही पाहते आहे. त्यावरून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. विमानाच्या सामानाचे नियम आपण भलत्याच माणसाला सांगत आलो आहोत. ते बॅग भरणारीला सांगायला हवेत, आणि नुसते सांगून भागत नाही. प्रत्येक नियमामागचं कारण तिला कळायला हवं.

काउंटरवर बॅग काट्यावर चढायची आणि आकडा यायचा. हातबॅगेची मर्यादा सात किलोची, काटा दाखवतोय साडेनऊ. मागे रांग. मग तो मुलगा बाजूला होऊन तिथेच फरशीवर बॅग उघडायचा. वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुडकी, त्यांवर रबरबँड, काहींवर पेनाने लिहिलेलं: ‘आधी हे खा’, ‘मित्राचं’, ‘डब्यात काढून ठेव’. कशाचं वजन कमी करायचं हे ठरवताना या मुलांनी आपले बूट काढून ठेवलेले मी पाहिले आहेत, जीन्स काढून ठेवलेली पाहिली आहे, चांगलं जाडजूड जाकीट निरोप द्यायला आलेल्या भावाच्या हातात दिलेलं पाहिलं आहे. लाडवांचं पुडकं मात्र सहसा कुणी काढत नसे. आणि एवढं करून आत गेल्यावर सुरक्षा तपासणीत आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली किंवा लोणच्याची बरणी निघायचीच. तिथे परत फिरून कुणाच्या हातात द्यायची सोय नसते. ती पिंपात जाते. हे सगळं टाळता येण्यासारखं होतं, ही गोष्ट मला तेव्हाही सलायची.

कोकणातून बाहेर जाणारी माणसं काही नवी नाहीत. खेड, चिपळूण, दापोली, मंडणगड या बाजूच्या कितीतरी गावांची घरं आखाताच्या पैशावर उभी राहिली. आमच्याकडची मुलं ‘बोटीवर’ असतात, म्हणजे मालवाहू जहाजांवर. कुणी क्रूझवर आचारी असतो. अलीकडे शिकायला जर्मनीला जाणारी मुलंमुलीही दिसू लागली आहेत. आणि आपलं सामान नेहमीच भरभक्कम. मुंबईहून किनाऱ्याने बोट यायची त्या काळात ट्रंक, वळकटी, करंडे, फणस, सगळं बोटीत चढायचं. नंतर एस.टी.च्या टपावर चढलं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बाकाखाली तांदळाच्या गोणी सरकवता यायला लागल्या. तुमच्या पिशवीची लांबी, रुंदी आणि उंची विचारणारं विमान हे आपल्या आयुष्यात आलेलं पहिलं वाहन. तेही अगदी दाराशी आलंय: परुळ्याजवळचा चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, आणि गोव्यातल्या मोपाहून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. सावंतवाडीच्या माणसाला मुंबई गाठण्यापेक्षा मोपा कितीतरी जवळ.

माझ्याकडे येणाऱ्या बायकांना मी पहिल्यांदा हे सांगते की बॅग तीन जणांना पटावी लागते. विमान कंपनीला तिचं वजन आणि आकार पटला पाहिजे. सुरक्षा तपासणीवाल्यांना आतल्या वस्तू पटल्या पाहिजेत. आणि उतरल्यावर त्या देशाच्या कस्टमला त्या वस्तू आपल्या हद्दीत चालल्या पाहिजेत. तिघांचे नियम वेगळे, कारणंही वेगळी. बहुतेक घोळ होतो तो एकाने ‘चालेल’ म्हटलं म्हणजे तिघांनाही चालेल असं धरल्यामुळे.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपला नारळ.

आमच्या शेजारच्या काकींचा धाकटा मुलगा शिकायला जर्मनीला निघाला तेव्हा काकींनी ओटी भरल्यासारखा नारळ हातबॅगेत अगदी वर ठेवला होता. मी म्हटलं, हा नाही चालायचा. काकी एकदम हिरमुसल्या. “नारळ नाय तर मगे तेका काय देऊ? झिल पयल्यांदाच इतको लांब जाता!” आता गंमत बघा, युरोपीय संघाला नारळाची काही अडचण नाही. तिथे बाहेरून फळं नेताना रोग-किडीपासून मुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, पण अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाच फळांना त्यातून सूट आहे. म्हणजे जर्मनीला नारळ चालतो. भारतातल्या विमानाच्या केबिनमध्ये तो चालत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे डोक्यावरून नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ ठेवता यावा म्हणून ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने खास सवलत दिली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंतच्या यात्रेच्या काळापुरती. एवढ्या मोठ्या यात्रेसाठी वेगळा आदेश काढावा लागतो, यावरून मूळ नियम किती घट्ट आहे ते कळतं.

सुक्या खोबऱ्याची गोष्ट याहून कडक. ते हातबॅगेत नको आणि चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या, बॅगेतही नको. सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं. दमट, कोंदट जागेत साठवलं की ते आपोआप तापायला लागतं, आणि त्यामुळे धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत ‘आपोआप पेट घेणाऱ्या’ वस्तूंच्या वर्गात त्याचं नाव आहे, यूएन १३६३ या क्रमांकाने. हे मी काकींना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, त्यांना ते खरं वाटणार नाही. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “तां खरां हा. कोंदट जाग्यात ठेवलेल्या खोबऱ्याच्या पोत्यात हात घातलो तर ऊन लागता.” मग त्यांनीच नारळ उचलून देवापुढे ठेवला. त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं. विमानाशी त्याचा संबंध कुणी जोडून दिला नव्हता. “ह्यां माका आदी कोणी सांगूक नाय,” असं म्हणाल्या, आणि ते शब्द माझ्या मनातून गेलेले नाहीत. आपण या बायकांना ‘नाही चालत’ एवढंच ऐकवतो, जणू कारण त्यांना झेपणार नाही. खोबरं वाळवणारी, कोकम उन्हात घालणारी, लोणच्याला तेल किती वर राहिलं पाहिजे हे डोळ्यांनी ठरवणारी बाई! तिला पदार्थाचा स्वभाव माझ्यापेक्षा जास्त कळतो.

कापराचंही असंच. परदेशात गणपती आणणारी पुष्कळ घरं आहेत आणि त्यांच्यासाठी इथून वाती, अष्टगंध, कापूर जातो. कापूर ज्वालाग्राही आहे, तो कुठल्याच बॅगेत ठेवायचा नाही. काडेपेटी चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. वाती, जानवी, अष्टगंध न्या. कापूर तिथल्या भारतीय दुकानात घ्यावा.

आता पातळ पदार्थ. परदेशी जाणाऱ्या विमानाच्या हातबॅगेत कुठलाही द्रव १०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीत चालत नाही, आणि अशा सगळ्या लहान बाटल्या मिळून एक लिटरच्या, तोंड बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावायला हव्यात. हा नियम आला तो ऑगस्ट २००६ मध्ये लंडनला उघड झालेल्या कटानंतर: थंड पेयांच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेऊन अटलांटिकवरची विमानं पाडायचा तो डाव होता. यात दोन गोष्टी बायकांना मुद्दाम समजावाव्या लागतात. एक, मोजतात ती बाटली, आतला माल नव्हे. दोनशेच्या बाटलीत तळाला चार चमचे आगळ असलं तरी ती बाटली जाते. दुसरी, द्रव म्हणजे पाण्यासारखं पातळच असं नाही. तूप, लोणी, मुरांबा, ओली चटणी, श्रीखंड, थिजलेलं खोबरेल हे सगळं त्यातच येतं. मिरचीचं लोणचं तर हातबॅगेत मुळीच नको. औषधं आणि तान्ह्या बाळाचं दूध-अन्न यांना सवलत असते, औषधांबरोबर डॉक्टरची चिठ्ठी ठेवावी. परदेशात काही ठिकाणी नवी स्कॅनर यंत्रं बसल्यामुळे हा नियम सैल होतो आहे. एडिनबराने २०२५ मध्ये दोन लिटरपर्यंतच्या बाटल्यांना परवानगी दिली. पण आपलं माणूस निघतं ते इथून, तेव्हा इथलाच नियम धरायचा.

याचा अर्थ आगळ सोडून द्यायचं असा नाही. आगळ चेक-इनच्या बॅगेत जाईल, नीट बंद करून. हातबॅगेत आमसुलं न्या. आंबापोळी, फणसपोळी, काजूगर, कुळथाचं पीठ, सुकी लसणीची चटणी, उकड्या तांदळाची पुडी, मेतकूट, मालवणचे खडखडे लाडू; आपल्याकडे टिकाऊ आणि कोरडं इतकं आहे की बॅग भरून उरेल. मालवणी मसाला मी चेक-इनमध्येच घालायला सांगते. पुडी फुटली तर हातबॅगेतल्या कागदपत्रांची वाट लागते, आणि अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलिलिटरहून अधिक पावडर हातबॅगेत असेल तर २०१८ पासून वेगळी तपासणी होते.

तिसऱ्या दरवाजाबद्दल, म्हणजे कस्टमबद्दल, मला थोडं कळकळीने सांगायचंय. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. ब्रेडवर भुरभुरलेलीही चालत नाही. आपल्याकडे अनारशाला खसखस लावतात, करंजीच्या सारणात घालतात, आणि दिवाळीचा डबा दुबईला जातोच जातो. ज्या बाईने आयुष्यात खसखस वाण्याकडून दहा-वीस रुपयांची आणली, तिला ती तिकडे अमली पदार्थांच्या कायद्यात येते हे कसं माहीत असणार? दुबईला जाणाऱ्या करंज्या खसखशीशिवाय करायच्या, तिळाने चालवून घ्यायचं. हे सणाच्या आधी सांगायला हवं, करंज्या तळून झाल्यावर नव्हे. युरोपात उलटंच: दूध-तूप-पेढे-खरवस बाहेरून आणायला मनाई, मांसाला मनाई, पण मासे आणि कोळंबी, सुकी असली तरी, स्वतःच्या वापरासाठी २० किलोपर्यंत नेता येतात. सोडे चालतात आणि तूप चालत नाही, हे ऐकून आमच्या काकी कितीतरी वेळ हसत होत्या. अर्थात सोड्यांचा वास बाहेर आला तर विमान कंपनी ते नाकारू शकते. दोन-तीन थर घट्ट बांधून चेक-इनमध्येच घालायचे. आणि हापूस अमेरिकेला पिशवीतून नेऊ नये. तिकडे जातो तो २००७ पासून, विकिरण प्रक्रिया होऊन, व्यापारी पेट्यांतून. घरच्या झाडाचा आंबा कितीही गोड असला तरी तिथल्या तपासणीत जप्त होतो.

आकार आणि वजन हे सगळ्यात सोपं, आणि तिथेच सगळ्यात जास्त माणसं अडतात.

भारतात नियम एका हातबॅगेचा आहे. नागरी विमान सुरक्षा ब्यूरोने २००० सालच्या परिपत्रकांत तो घातला, आणि तपासणीच्या रांगा तुंबू लागल्यावर जानेवारी २०२२ मध्ये कंपन्यांना पुन्हा बजावून सांगितला. एका बॅगेशिवाय जवळ ठेवता येतात त्या वस्तूंची यादीही आहे: बाईची पर्स, लॅपटॉप, कोट किंवा पांघरूण, छत्री किंवा काठी, कॅमेरा, वाचायचं पुस्तक, बाळाचं अन्न, घडीची चाकाची खुर्ची. म्हाताऱ्या माणसाची काठी काढून घेतील अशी भीती पुष्कळांना असते. तशी काही भीती नाही.

बॅगेचा आकार इंडिगोच्या विमानात ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर, एअर इंडियाच्या ५५ × ४० × २०. बेरीज दोन्हीकडे ११५ च येते, पण एक बॅग जाड चालते आणि दुसरी रुंद, त्यामुळे एकीच्या मापाची ट्रॉली दुसरीच्या साच्यात अडकू शकते. वजन साधारण वर्गाला ७ किलो. लुफ्थान्सा ८ देते, ब्रिटिश एअरवेज २३. युरोपातल्या स्वस्त विमानांत तर फुकट जाते ती फक्त सीटखाली मावेल एवढी, साधारण ४० × ३० × २० ची पिशवी. ट्रॉलीचे पैसे वेगळे. युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय की वाजवी मापाच्या हातबॅगेचे वेगळे पैसे घेऊ नयेत. ‘वाजवी’ म्हणजे किती यावर भांडण अजून चालू आहे, आणि स्पेनने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वस्त कंपन्यांना एकूण १७.९ कोटी युरोचा दंडही केला. साऱ्या जगाने एकच माप ठरवावं असा प्रयत्नही होऊन गेला. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयाटाने, जून २०१५ मध्ये ५५ × ३५ × २० हे माप सुचवलं. आहे त्या बॅगा टाकून नव्या घ्याव्या लागतील म्हणून अमेरिकेत आरडाओरडा झाला, आणि काही दिवसांतच तो बेत गुंडाळला. म्हणून कुठल्याही पाठ केलेल्या आकड्यावर विसंबू नये. त्या-त्या तिकिटावरचं माप मुलाकडून मराठीत कागदावर लिहून घ्यायचं आणि तो कागद बॅग भरणारीच्या हातात द्यायचा.

मापाची टेप प्रत्येक घरात असते, शिवणकामाची. चाकं आणि मूठ धरून मोजायचं. दुकानदार सांगतो ते माप कधी कधी चाकांशिवायचं असतं. वजनासाठी आमच्याकडे काजू बी घेणाऱ्या दुकानदाराचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, तो कुणाला नाही म्हणत नाही. आणि सात किलोंत बॅगेचं स्वतःचं वजन धरलेलं असतं, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. कडक कवचाची ट्रॉली रिकामीच अडीच-तीन किलोची असते. म्हणजे आपल्या वाट्याला चारच किलो. कापडी बॅग किलोभरही भरत नाही. फार लांब चालायचं नसेल, खांदे धड असतील, तर मी कापडी बॅगेच्या बाजूने आहे.

सातच किलो का, हा प्रश्न मला काकीच काय, शिकलेली माणसंही चिडून विचारतात. पैसे काढायला, असं उत्तर सगळ्यांच्या ओठांवर असतं. पैशाचा भाग आहे. जादा सामानाचा दर ऐकून मलाही काउंटरवर लाज वाटायची, आणि काही स्वस्त तिकिटांत चेक-इनचं सामान मुळातच धरलेलं नसतं हे कंपन्या पुरेशा ठळकपणे सांगत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. पण नियमाचा पाया पैसा नाही. डोक्यावरचा कप्पा किती भार पेलू शकतो हे ठरलेलं असतं, कप्प्याच्या आत तो आकडा लिहिलेलाही असतो. दहा किलोची बॅग वरून सुटली तर खाली कुणाचं तरी डोकं असतं. आणि उड्डाणाआधी विमानाच्या वजनाचा हिशेब मांडतात त्यात प्रवाशाचं सरासरी वजन हातबॅगेसकट धरलेलं असतं. ती बॅग कुणी वेगळी मोजून त्या हिशेबात घालत नाही. सगळ्यांनी दोन-तीन किलो जादा आणलं तर तो हिशेब तेवढा खोटा होतो.

लहान विमानात हे जास्त जाणवतं. चिपीला आजवर उतरलेली नियमित विमानं मुख्यतः एटीआर ७२ जातीची, पंख्यांची, सत्तरेक आसनांची. त्यांचं कमाल वजन सुमारे २३ टन; मोपाला येणाऱ्या एअरबस ए३२० चं सुमारे ७८. एटीआरचे वरचे कप्पे अरुंद असतात, मोठ्या विमानात सहज बसणारी ट्रॉली त्यांत जात नाही. मग ती विमानाच्या शिडीपाशी घेतात आणि सामानाच्या कप्प्यात ठेवतात, उतरल्यावर परत देतात. यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तयारी हवी. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, रोजची औषधं, दागिना असेल तर तो, मोबाइल आणि पॉवर बँक एका लहान पाऊचमध्ये वेगळं ठेवायचं, म्हणजे ट्रॉली हातची गेली तरी पाऊच अंगावर राहतो.

पॉवर बँकेचा मुद्दा सोडून चालणार नाही. ती चेक-इनच्या बॅगेत कधीही नाही, नेहमी जवळ. खाली सामानात बॅटरीने पेट घेतला तर कळायला उशीर होतो. केबिनमध्ये निदान कुणाच्या तरी नजरेला पडतं. २८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात बुसानच्या गिमहे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत उभं असलेलं एअर बुसानचं विमान वरच्या कप्प्यात लागलेल्या आगीने जळालं. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला. त्यानंतर कंपन्या कडक झाल्या. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणशी एकच, १०० वॉट-तासांच्या आतली पॉवर बँक ठेवली, तीही विमानात वापरायची नाही आणि वरच्या कप्प्यात ठेवायची नाही. बाजारातली २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांच्या आसपास भरते, म्हणजे ती मर्यादेत आहे. आकडा पुसला गेलेली, फुगलेली, स्वस्तातली पॉवर बँक घरीच ठेवा.

पाऊच अंगावर ठेवायचं आणखी एक कारण आहे. ३ ऑगस्ट २०१६ ला तिरुवनंतपुरमहून दुबईला गेलेलं एमिरेट्सचं विमान उतरताना कोसळलं. आतले ३०० च्या ३०० लोक बाहेर पडले, पण आतली चित्रफीत जगाने पाहिली: धुरात माणसं वरचे कप्पे उघडून बॅगा काढताहेत. पुढे विमान पेटलं आणि आग विझवणारा एक जवान त्यात गेला. त्या माणसांना मूर्ख म्हणणारे पुष्कळ निघाले. मला तसं म्हणवत नाही. आखातात राबणाऱ्या माणसाचा पासपोर्ट, कामाचे कागद, घरच्यांनी दिलेला ऐवज, सगळं त्या बॅगेत असतं. ती गेली तर आपण संपलो असं त्याला वाटतं. पण २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं विमान धावपट्टीवर दुसऱ्या विमानाला धडकून पेटलं, तेव्हा आतले ३७९ जण बाहेर पडले ते जवळजवळ सगळे रिकाम्या हातांनी. कागद अंगावर असतील तर बॅग सोडून देणं सोपं जातं. म्हणून मी बायकांना सांगते की गळ्यात अडकवायचा पाऊच तुम्ही शिवून द्या. त्यात मुलाचा पासपोर्ट राहू दे. काही झालं तर बॅग सोडून पळ, आम्ही परत भरून देऊ, हे त्याला निघताना तोंडाने सांगा. आईने सांगितलेलं तो ऐकेल. विमानातल्या सूचना तो ऐकतोच असं नाही.

तिकिटं तुकड्यातुकड्यांत काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मोपा ते मुंबई एक तिकीट आणि मुंबई ते आखात दुसरं, असं वेगवेगळं काढलं तर पहिल्या तिकिटावर देशांतर्गत मर्यादा लागते, चेक-इनला बहुधा १५ किलो. पुढच्या विमानात ३० किलो चालत असलं तरी मोपाला पंधराच्या वरचे पैसे मोजावे लागतात. एकाच तिकिटात दोन्ही उड्डाणं असली की सहसा परदेशी प्रवासाची मर्यादा पहिल्यापासून धरतात. तिकीट काढतानाच हे विचारायचं. आणि दुबई, जेद्दा इथे सुंभाने बांधलेली, चादरीत गाठोडं केलेली, गोल बोचकी नाकारतात. दुबईने मार्च २०१७ पासून तसं जाहीरच केलं, कारण सपाट बाजू नसलेलं सामान तिथल्या पट्ट्यांवर अडकतं. पुठ्ठ्याचा खोका चालतो, चौकोनी हवा, आणि दोरी न लावता रुंद चिकटपट्टीने बंद केलेला.

चिपीला आणि मोपाला हे सगळं मराठीत आणि कोंकणीत, चित्रांसकट, मोठ्या अक्षरांत लागलेलं मला हवं आहे. विमानतळाच्या आत नको, तिथे पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. कुडाळच्या, चिपळूणच्या, खेडच्या एस.टी. स्टँडवर लावा, ग्रामपंचायतीत लावा, रेशनच्या दुकानात लावा. माझ्या परीने मी एक पान तयार केलंय. त्यात आपल्याच वस्तू आहेत: विळी, आडकित्ता, खवणी आणि कोयती चेक-इनमध्ये, आमसुलं हातात, आगळ, तूप, खोबरेल चेक-इनमध्ये, तूप युरोपला नको, खोबरं आणि कापूर कुठेच नाही, खसखस दुबईला नाही. वाडीतल्या पोरांनी ते मोबाइलवर फिरवलंय, पण काकींनी मागितलं ते कागदावरचं, कारण त्यांना ते फडताळाच्या दाराला आतून चिकटवायचं होतं.

आमच्या बचत गटाची या पावसाळ्याआधी बैठक झाली, आणि तिथे काकींनी विषय काढला की आपलं आगळ आपण अर्ध्या लिटरच्याच बाटलीत का भरतो. परदेशी जाणारा माणूस ते हातात नेऊच शकत नाही, आणि ज्यांच्या तिकिटात चेक-इन नाही त्यांना ते घेताच येत नाही. थोडी चर्चा झाली, बाटलीचा दर जास्त पडेल असं एकीने काढलं, तेही खरं होतं. शेवटी शंभर मिलिलिटरच्या बाटल्यांची एक पेटी कणकवलीहून मागवायचं ठरलं. झाकणं दाबून, बाटल्या उलट्या करून रात्रभर कागदावर ठेवून बघायच्या, गळतात का. आणि लेबलावर ‘१०० मिलि’ हे समोरच्या बाजूला, मोठं, इंग्रजी आकड्यातसुद्धा छापायचं, तपासणीवाल्याला बाटली फिरवून बघावी लागू नये म्हणून. लेबलाचं माप घेऊन मी सोमवारी छापखान्यात जाणार आहे.